दमाने

आमच्या अस्मारात रस्ता आधी खाली जातो.
गाव संपलं की थेट ढगात उतरायचं:
वळण, वळण, निवडुंगाने भरलेली दरड,
समोरच्या डोंगरात जुन्या आगगाडीचा बोगदा,
आणि पंचवीस किलोमीटरवर नेफासित.
जाताना सायकल फुकट धावते.
हिशोब परतताना.

म्हणून एकेचाळीस दिवस खाटेवर काढलेल्या बाईने
किती उतरायचं हे
किती चढवेल त्यावरून ठरवावं.
उतार ही उधारी.

इस्पितळातून निघताना नर्सने हातात दिलं
तीन निळ्या चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र.
नळी ओठांत धरून हवा आत ओढायची.
पहिला चेंडू उडतो. दुसरा कसाबसा.
तिसरा तळाशी बसून असतो
जेवणाच्या सुट्टीतल्या कारकुनासारखा.
डाव्या फुफ्फुसाचा एक कोपरा
न्यूमोनिया कुलूप लावून गेलाय, असं ती म्हणाली,
किल्लीचं काही बोलली नाही.

पहिल्या दिवशी सायकल बाहेर काढली
तर पोटऱ्या माझ्या नव्हत्या, आईच्या होत्या.
सीट दोन बोटं खाली घेतली.
भाऊ किदाने हसला नाही,
तेव्हा कळलं, किती आजारी होते मी.

किदाने गणित शिकवतो, त्याच्या खिशात खडू असतोच.
मी जिथून मागे वळते
तिथल्या कठड्यावर तो रेघ मारतो.
पहिली रेघ दफनभूमीच्या भिंतीला लागून.
वाईट जागा, पण दम तिथेच संपला.
दुसरी, पाण्याच्या टाकीपुढे.
तिसरी दुसरीच्या अलीकडे;
त्या आठवड्यात ताप पुन्हा डोकावून गेला होता.
चौथीबद्दल मी बोलत नाही.

रविवारी क्लबच्या पोरी मागून आल्या,
साखळ्यांचा तो आवाज, तेल पाजलेल्या पावसासारखा.
त्यांत लेमलेम,
माझ्या चाकामागे लपून वारा चुकवायला शिकलेली.
ती काही बोलली नाही.
नुसती पुढे आली आणि माझ्यासाठी वारा अडवून धरला.
मला राग आला.
चढावर शंभर मीटर मी तो राग ओढत नेला,
मग सोडून दिला.
रागालाही दम लागतो.

आणि काल धुकं.
इतकं की कठडाच दिसेना, रेघा कुठल्या दिसायला.
हाताला थंडी लागेपर्यंत उतरत राहिले,
माकडांचा कळप रस्त्यात बसला होता तिथवर,
बोगद्याच्या रेषेच्याही खाली.
एका हुप्प्याने माझ्याकडे पाहिलं
जसं सावकार पाहतो.

वळले.
पहिलं वळण पायांनी चढले.
दुसरं हट्टाने.
तिसऱ्यावर छातीतला तो कोपरा
आतून दार ठोठावू लागला,
आणि मी उतरून सायकल हाताने ढकलली,
मान खाली,
सतरा वर्षं याच रस्त्यावर शर्यती केलेली मी.

मस्सावाहून मिठाची पोती घेऊन येणारा ट्रक
शेजारी येऊन मंदावला.
ड्रायव्हरने दारावर दोनदा थाप मारली:
धर.
मी सायकलवर बसले.
एक वळणभर मागची साखळी धरली.
मग सोडली.
हे किदानेला सांगितलेलं नाही.

घरी आई कॉफी भाजत होती.
त्याच भुकटीवर तीनदा पाणी:
पहिली काळी कडू, दुसरी मवाळ,
तिसरी जवळजवळ पाणीच.
तिला बरका म्हणतात, म्हणजे आशीर्वाद.
ती प्यायल्याशिवाय कोणी उठत नाही आमच्यात.
दोन कपांच्या मध्ये मी यंत्र ओठाला लावलं.
तिसरा चेंडू उडाला असं म्हणणार नाही.
तळ सोडला की नाही,
यावर आईचं आणि माझं जमलं नाही.

किदाने उंबऱ्यात उभा, हातात खडू.
आज कुठे मारू रेघ, विचारतोय.
बस रे आधी.
जरा दम खाऊ दे.